चुकांची खतावणी

रुग्णालयातून घरी निघताना नातेवाइकांच्या हातात बिल पडते. खाटेचे भाडे, शस्त्रक्रियेची फी, भूल, औषधे, तपासण्या, सलाईन, हातमोजे अशी एकेक बाब त्यात नोंदलेली असते. एक ओळ मात्र कुठल्याच बिलात सापडत नाही : ‘आमच्या हातून झालेली चूक निस्तरण्याचा खर्च, इतके रुपये.’

ओळ नसली म्हणून खर्च होत नाही असे नाही. औषधाची मात्रा चुकली आणि रुग्णाला चार दिवस जास्त राहावे लागले, तर ते चार दिवस खाटेच्या भाड्यात मिसळून जातात. शस्त्रक्रियेच्या जखमेत जंतू शिरले, तर प्रतिजैविकांचा खर्च औषधांच्या रकान्यात जातो. रुग्णाचा बुडालेला रोज, त्याच्या उशाशी बसलेल्या बायकोची किंवा मुलाची बुडालेली मजुरी, हे तर कुठेच लिहिले जात नाही.

पुढे जाण्याआधी एक खुलासा करायला हवा. रुग्णालयात बिघडलेली प्रत्येक गोष्ट ही चूक नसते. आजारच बळावू शकतो. उत्तम उपचारांनीही कधी कधी इजा होते. एखाद्याला औषधाची तीव्र प्रतिक्रिया येईल हे आधी कोणालाच माहीत नसते. म्हणून अभ्यासक दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. आजारामुळे नव्हे तर उपचारांमुळे झालेली इजा ही पहिली. आणि त्या इजांपैकी टाळता आल्या असत्या अशा इजा ही दुसरी. आपला संबंध मुख्यतः दुसरीशी आहे.

बिलातली ही गाळलेली ओळ लिहिण्याचा प्रयत्न काही माणसांनी केला. त्यांचा इतिहास पाहण्यासाठी आम्ही अमेरिकेतील बॉस्टन हे एकच शहर निवडले आहे. आधुनिक भूल देण्याचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक तेथे झाले, चुकांची पहिली प्रामाणिक नोंदवही तेथे लिहिली गेली, आणि त्या चुकांचे पैशातील मोजमापही बऱ्याच अंशी तेथेच झाले.

ईथर आणि आलेखाचा कागद

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका रुग्णाला ईथर हुंगवले आणि जॉन वॉरन या शल्यचिकित्सकाने त्याच्या मानेवरची गाठ कापली. रुग्ण ओरडला नाही. ही बातमी काही महिन्यांतच जगभर पोहोचली. तोवर शस्त्रक्रिया म्हणजे चार माणसांनी घट्ट धरून ठेवायचे आणि शल्यचिकित्सकाने घाई करायची, असा प्रकार होता.

पण नव्या वरदानाबरोबर नवा धोकाही आला. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिलेली १५ वर्षांची एक मुलगी काही मिनिटांत मरण पावली. नखाने कोणी मरत नाही. म्हणजे हा मृत्यू आजाराच्या नव्हे, उपचाराच्या खात्यावर मांडायला हवा होता. तसे खाते मात्र कोणी उघडलेले नव्हते.

पन्नासएक वर्षे गेली तरी भूल देण्याचे काम बहुधा एखाद्या शिकाऊ विद्यार्थ्याकडे दिले जाई. हार्वर्ड विद्यापीठाचा असाच एक वैद्यकीय विद्यार्थी म्हणजे हार्वे कुशिंग. पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेत त्याचे मोठे नाव झाले. विद्यार्थिदशेत तो ईथर देत असताना एक रुग्ण दगावला. असे चालायचेच, अशी वडीलधाऱ्यांची वृत्ती होती. कुशिंगच्या मनातून मात्र ते गेले नाही.

त्याने आणि अर्नेस्ट कॉडमन या वर्गमित्राने पैज लावली. भूल जास्त चांगली कोण देतो? पण ‘चांगली’ हे ठरवायचे कसे? त्यासाठी १८९४ मध्ये दोघांनी आलेखाचा कागद घेतला आणि शस्त्रक्रिया चालू असताना ठरावीक वेळाने रुग्णाची नाडी व श्वास त्यावर नोंदवायला सुरुवात केली. भूल देतानाच्या नोंदींचे हे अगदी सुरुवातीचे तक्ते आहेत. नाडी पाहायची तर माणसाचे लक्ष रुग्णाकडे राहते. नोंद ठेवण्यानेच काळजी वाढली.

कॉडमनची वही

कुशिंग पुढे मेंदूकडे वळला. कॉडमनच्या डोक्यात मात्र तो कागद ठाण मांडून बसला. शल्यचिकित्सक झाल्यावर त्याने एक साधी कल्पना मांडली. प्रत्येक रुग्णासाठी एक कार्ड ठेवावे. काय आजार होता, काय उपचार केले, हे त्यावर लिहावे. मग रुग्ण घरी गेल्यावरही त्याचा पाठपुरावा करावा आणि एका वर्षाने पाहावे की अखेर त्याला गुण आला का? नसेल तर का नाही? या योजनेला त्याने ‘अंतिम निष्पत्ती’ असे नाव दिले.

त्या काळची रुग्णालये आपल्या वार्षिक अहवालांत किती रुग्ण दाखल झाले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती खर्च झाला हे छापत असत. कॉडमन विचारी : हे तर कारखान्यात किती कच्चा माल आला याचे आकडे झाले. पक्का माल कुठे आहे? १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाचे नावच मुळी ‘रुग्णालयाचे उत्पादन’ असे होते.

मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये बढती सेवाज्येष्ठतेने मिळे, रुग्णांना आलेल्या गुणावर नव्हे. निषेध म्हणून १९१४ मध्ये कॉडमनने राजीनामा दिला. त्याआधीच, १९११ मध्ये, त्याने स्वतःचे लहानसे रुग्णालय काढले होते. तेथे १९११ ते १९१६ या काळात ३३७ रुग्णांवर उपचार झाले आणि त्यांत कॉडमनने १२३ चुका नोंदवल्या. या चुका त्याने प्रकारवार लावल्या : ज्ञान किंवा कौशल्य कमी पडले, निर्णय चुकला, काळजी किंवा साधने अपुरी पडली, निदान चुकले. स्वतःच्या हातच्या गंभीर चुकाही त्याने लपवल्या नाहीत. हा सारा तपशील त्याने पदरमोड करून छापला आणि देशभरच्या रुग्णालयांना पाठवला.

शिक्षक वाचकांना यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. उत्तरपत्रिकेवर ‘१०० पैकी ६२’ असे लिहिणे वेगळे आणि राहिलेले ३८ गुण कशाने गेले, म्हणजे पाठांतर कमी होते, प्रश्न नीट वाचला नव्हता की बेरजेत घाई झाली, हे लिहिणे वेगळे. सुधारणा दुसऱ्या लिखाणातून होते.

जानेवारी १९१५ मध्ये कॉडमनने बॉस्टनच्या डॉक्टरांची एक सभा बोलावली आणि शेवटी एक मोठे व्यंगचित्र उघडे केले. त्यात एका शहामृगाने वाळूत डोके खुपसलेले होते आणि तो मागच्या बाजूने डॉक्टरांकडे सोन्याची अंडी ढकलत होता. शहामृग म्हणजे शहरातील श्रीमंत वस्तीतले रुग्ण. अर्थ उघड होता. उपचारांचा परिणाम काय झाला हे रुग्ण पाहत नाहीत, तोवर अंडी मिळत राहतात. मग डॉक्टरांनी तरी त्याला डोके वर काढायला का सांगावे?

सभेत गोंधळ उडाला. शहराच्या वैद्यक संघटनेतील आपले पद कॉडमनला सोडावे लागले आणि हार्वर्डमधील त्याची शिक्षकाची जागाही गेली. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात गेला, रुग्णालय बंद पडले.

त्याची कल्पना अगदीच वाया गेली नाही. अमेरिकी शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाने शंभर किंवा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी केली. किमान निकष फक्त ८९ रुग्णालयांनी पुरे केले होते. १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या हॉटेलात बैठक भरली. यादी वृत्तपत्रांच्या हाती लागू नये म्हणून त्या हॉटेलच्या भट्टीत ती जाळून टाकण्यात आली. नामांकित रुग्णालये नापासांच्या यादीत होती.

कॉडमनची वही बरोबर होती. पण तिच्यातल्या चुकांचे पैसे ज्यांच्या खिशातून जात होते त्यांना वही दिसत नव्हती, आणि ज्यांना दिसत होती त्यांच्या खिशातून काहीच जात नव्हते.

विम्याचा हप्ता

चित्र बदलायला साठ वर्षे लागली, आणि ते बदलले विम्यामुळे.

अमेरिकेत डॉक्टरांच्या हलगर्जीपणाबद्दल न्यायालयात दावा लावण्याची प्रथा वाढत गेली. भरपाईची रक्कम विमा कंपनी भरे आणि कंपनी डॉक्टरांकडून हप्ता घेई. १९७० नंतर दावे आणि भरपाया इतक्या वाढल्या की काही कंपन्यांनी हप्ते अनेक पटींनी चढवले, काहींनी हा धंदाच सोडला. मे १९७५ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील भूलतज्ज्ञांनी या कारणावरून तातडीची नसलेली कामे थांबवली.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात एक पाहणी झाली. १९७४ सालातील २३ रुग्णालयांची २०,८६४ कागदपत्रे तपासण्यात आली. १०० पैकी ४.६५ रुग्णांना उपचारांमुळे इजा झाल्याचे आढळले. कायद्याने भरपाई द्यावी लागेल अशी इजा मात्र १०० पैकी ०.७९ जणांनाच झाली होती. न्यायालयात दिसतो तो हिमनगाचा वरचा तुकडा, हे आकड्यांनी प्रथमच ठळक झाले.

बॉस्टनमध्ये हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांनी १९७६ मध्ये वेगळा मार्ग धरला. त्यांनी स्वतःचीच विमा कंपनी काढली. वरवर हा पैशाचा व्यवहार होता, परिणाम मात्र दूरचा झाला. चूक करणारे, चूक टाळू शकणारे आणि चुकीचे पैसे भरणारे प्रथमच एका छपराखाली आले. कंपनीच्या वहीत दिसू लागले की विमा घेतलेल्या डॉक्टरांमध्ये भूलतज्ज्ञ सुमारे ३ टक्के आहेत, पण भरपाईत त्यांच्या कामाचा वाटा १० टक्क्यांहून जास्त आहे. कारण उघड होते. भूल देताना श्वास काही मिनिटे तुटला तरी मेंदूला कायमची इजा होते. गर्भाशयाची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया करायला चालत आलेला माणूस जन्मभरासाठी अंथरुणाला खिळतो. जन्मभराच्या शुश्रूषेचा खर्च म्हणजे मोठी भरपाई.

अभियंत्याची यादी

मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये तेव्हा जेफ्री कूपर हा अभियंता भूलविभागात काम करत होता. विमान अपघातांचा अभ्यास करणारे लोक वैमानिकांना ‘थोडक्यात निभावलेले’ प्रसंग विचारत. तीच पद्धत त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी भूल देणाऱ्यांसाठी वापरली. ४७ मुलाखतींतून त्यांनी टाळता येण्याजोगे ३५९ प्रसंग गोळा केले. १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ८२ टक्के प्रसंगांत माणसाची चूक होती, यंत्राचा बिघाड फक्त १४ टक्क्यांत. श्वासाची नळी निसटणे, वायूचा प्रवाह नकळत बदलणे, एका पिचकारीऐवजी दुसरी उचलणे, असे प्रसंग पुन्हा पुन्हा येत होते.

‘माणसाची चूक’ म्हटले की आपण माणसाला रागावतो. कूपरने पुढचा प्रश्न विचारला : ही चूक करणे इतके सोपे का आहे? त्या काळी काही भूलयंत्रांत कळ उजवीकडे फिरवली की वायू वाढे, काहींत कमी होई. रोज वेगळ्या यंत्रावर काम करणाऱ्याचा हात एखाद्या दिवशी चुकणारच. माणसाला ‘लक्ष दे’ म्हणण्यापेक्षा सर्व कळा एकाच दिशेने फिरणाऱ्या करणे स्वस्त आणि खात्रीचे होते.

१९८५ मध्ये हार्वर्डच्या नऊ रुग्णालयांनी भूल देताना पाळायचे किमान नियम ठरवले. ते वाचताना आश्चर्य वाटते, इतके ते साधे आहेत. भूल देणाऱ्याने शस्त्रक्रियागृह सोडून जायचे नाही. रक्तदाब आणि नाडी किमान दर पाच मिनिटांनी पाहायची. हृदयाचा आलेख सतत चालू ठेवायचा. श्वास व रक्ताभिसरण यांवर सतत लक्ष ठेवायचे. नळी निसटली तर घंटा वाजेल अशी सोय हवी. रुग्णाला मिळणाऱ्या हवेतील ऑक्सिजन मोजला गेला पाहिजे. तापमान मोजायची सोय हवी. कॉडमन आणि कुशिंगच्या आलेखाचाच हा नातू म्हणायचा. फरक एवढाच की आता तो सक्तीचा झाला होता आणि त्याच्यामागे विम्याचा हिशेब उभा होता.

याच काळात आणखी एक साधन आले. जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर चालणारे ऑक्सिमीटर. बोटाच्या एका बाजूने तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडायचे आणि दुसऱ्या बाजूला किती पोहोचले ते मोजायचे. ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषते आणि अवरक्त जास्त. ऑक्सिजन सोडलेल्याचे याच्या उलट. पण कातडी, स्नायू, हाड हेही प्रकाश शोषतातच. त्यांना वेगळे कसे काढायचे? आओयागींची युक्ती अशी की शोषणाचा जो भाग नाडीबरोबर कमीजास्त होतो तेवढाच घ्यायचा. स्पंदन पावते ते फक्त धमनीतले रक्त.

पूर्वी ओठ आणि नखे निळी पडली की ऑक्सिजन कमी झाल्याचे कळे. तोवर बराच उशीर झालेला असे. ऑक्सिमीटरमुळे ती वेळ यायच्या आधीच सूचना मिळू लागली. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९८६ मध्ये देशभरासाठी किमान नियम स्वीकारले आणि १९९० पासून ऑक्सिमीटरचा त्यांत समावेश केला.

याचा परिणाम काय झाला? हार्वर्डच्या नऊ रुग्णालयांचे आकडे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. ते प्रकृतीने एरवी ठीक असलेल्या रुग्णांचे आहेत. नियम येण्यापूर्वी ७ लाख ५७ हजार भुलींमध्ये केवळ भुलीमुळे झालेले मोठे अपघात १०. नियमांनंतर २ लाख ४४ हजार भुलींमध्ये अपघात १. हे आकडे वर्गात मांडण्यासारखे आहेत. आधीच्या दराने पाहिले तर २ लाख ४४ हजारांत तीनएक अपघात अपेक्षित होते. झाला एक. हा फरक योगायोगानेही पडू शकतो. अपघात विरळ असले की आकड्यांवरून ठाम बोलायला खूप वाट पाहावी लागते. विमा कंपन्यांनी ती वाट पाहिली. पुढील वीस वर्षांत देशभरच्या भूलतज्ज्ञांचे हप्ते, महागाई वजा करता, खाली आले. इतर अनेक शाखांचे हप्ते त्याच काळात चढत होते.

गाळलेली ओळ लिहिली जाते

भूलशाखेत हे घडले ते तिथल्या चुका ताबडतोब दिसतात आणि भयंकर महाग पडतात म्हणून. बाकीच्या रुग्णालयाचे काय?

हार्वर्डच्या संशोधकांनी न्यूयॉर्क राज्यातील ५१ रुग्णालयांची १९८४ सालातील ३०,१२१ कागदपत्रे तपासली. १९९१ मध्ये निष्कर्ष आले. ३.७ टक्के रुग्णांना उपचारांमुळे इजा झाली होती. त्या इजांपैकी चौथ्या भागाहून थोड्या अधिक इजा हलगर्जीपणाच्या होत्या. आणि हलगर्जीपणामुळे इजा झालेल्या दर १०० जणांपैकी २ जणांनीही भरपाईचा दावा केला नव्हता. उरलेल्यांचे पैसे कोणी भरले? त्यांनी स्वतः, त्यांच्या कुटुंबांनी आणि त्यांच्या आरोग्यविम्याने.

नेमके किती पैसे, हे डेव्हिड बेट्स आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनच्याच दोन रुग्णालयांत मोजले. १९९३ मध्ये सहा महिने त्यांनी औषधांमुळे झालेल्या इजा शोधल्या आणि अशा प्रत्येक रुग्णाची तशाच, पण इजा न झालेल्या रुग्णाशी तुलना केली. मुद्दा असा की आजारी माणूस तसाही खर्चिक असतो. चुकीमुळे वाढलेला खर्च तेवढा वेगळा काढायचा तर जोडीदार शोधावा लागतो. टाळता येण्याजोग्या प्रत्येक इजेने मुक्काम ४.६ दिवसांनी वाढला आणि खर्च सुमारे ४,६८५ डॉलरनी. म्हणजे ७०० खाटांच्या अशा एका रुग्णालयात टाळता येण्याजोग्या औषध-इजांचा वर्षाचा खर्च २८ लाख डॉलर. १९९७ मध्ये हे आकडे प्रसिद्ध झाले आणि बिलातली गाळलेली ओळ अखेर लिहिली गेली.

त्यानंतर मोठे हिशेब आले. युटा आणि कोलोरॅडो या दोन राज्यांत १९९२ सालातील इजांचा खर्च सुमारे ६६ कोटी डॉलर निघाला. त्यातील जवळजवळ ३१ कोटी टाळता येण्याजोग्या इजांचे. त्यात औषधपाण्याचा खर्च साधारण निम्माच होता. बाकी बुडालेले उत्पन्न, घरातले अडलेले काम आणि अपंगत्व. १९९९ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय संस्थेने सबंध देशासाठी टाळता येण्याजोग्या इजांचा अंदाज वर्षाला १७०० ते २९०० कोटी डॉलर असा दिला. २०१७ मध्ये श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने सांगितले की सदस्य देशांत रुग्णालयांवरील खर्चापैकी सुमारे १५ टक्के खर्च अशा इजा निस्तरण्यात जातो. शंभरातले पंधरा रुपये.

सोन्याची अंडी

इतके कळल्यावर रुग्णालये चुका टाळायला धावली असतील असे वाटेल. तसे झाले नाही. का, याचे उत्तर बॉस्टनच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील १२ रुग्णालयांच्या समूहातील २०१० सालच्या ३४,२५६ शस्त्रक्रिया-रुग्णांचा जमाखर्च त्यांनी पाहिला. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेल्या रुग्णामागे, खाजगी विमा असेल तर, रुग्णालयाला गुंतागुंत न झालेल्या रुग्णापेक्षा सरासरी ३९,०१७ डॉलर जास्त सुटले. जास्त दिवस, जास्त औषधे, जास्त तपासण्या, म्हणून जास्त बिल. कोणी जाणूनबुजून इजा करत होते असे नाही, तसे अभ्यासकांनीही म्हटलेले नाही. पण इजा कमी करणाऱ्या रुग्णालयाचा तोटा होईल अशी ती व्यवस्था होती. कॉडमनचा शहामृग ९८ वर्षांनीही अंडी देत होता.

काही उपाय झाले. ऑक्टोबर २००८ पासून अमेरिकेतील मेडिकेअर या वृद्धांसाठीच्या सरकारी योजनेने ठरवले की पोटात राहिलेले शस्त्रक्रियेचे सामान, चुकीच्या गटाचे रक्त, रुग्णालयात झालेले खोल शय्याव्रण अशा काही गोष्टी निस्तरण्याचे जादा पैसे दिले जाणार नाहीत. बिलाची ती ओळ रुग्णालयाच्याच नावे टाकण्यात आली.

आपल्याकडे

आपल्याकडे ही ओळ बहुतेक वेळा घरच्यांच्या नावे पडते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी लोकांनी थेट खिशातून केलेला खर्च २०१३–१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१–२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला, तरी वाटा मोठाच आहे. रोख पैसे भरणाऱ्या रुग्णाचे चार दिवस वाढले तर ते कोणत्या कारणाने वाढले, हे विचारणारी विमा कंपनीही मध्ये नसते.

१९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा पैसे घेऊन दिलेल्या वैद्यकीय सेवेलाही लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये दिला. तो महत्त्वाचाच होता. पण न्यूयॉर्कचे आकडे आठवले की कळते, दाव्यांतून खर्चाचा फार लहान तुकडा उजेडात येतो. शिवाय दाव्याच्या भीतीने चूक लपवली जाते आणि लपवलेल्या चुकीतून कोणी शिकत नाही. कूपरला ३५९ प्रसंग मिळाले ते लोकांनी विश्वासाने सांगितले म्हणून.

२०२० च्या कोविड साथीत महाराष्ट्रात आरोग्यसेवक ऑक्सिमीटर घेऊन घरोघर गेले. शस्त्रक्रियागृहातल्या चुका टाळण्यासाठी रुळलेले साधन गावोगावी पोहोचले. साधन स्वस्त होऊन सगळीकडे पोहोचू शकते. नोंदवहीची सवय पोहोचायची आहे.

वर्गासाठी एक हिशेब

आठवी-नववीच्या मुलांकडून पुढील गणित करून घेता येईल. आकडे काल्पनिक आहेत, मुलांनी ते बदलून पाहावेत.

समजा एका रुग्णालयात वर्षाला १०,००० रुग्ण येतात. १०० पैकी ४ जणांना उपचारांमुळे इजा होते, त्यातील निम्म्या इजा टाळता येण्याजोग्या आहेत, आणि अशा प्रत्येक इजेने ४ दिवस वाढतात. म्हणजे २०० रुग्ण आणि ८०० जादा दिवस. एका दिवसाचे बिल ३,००० रुपये, रुग्णालयाचा प्रत्यक्ष खर्च २,००० रुपये. रुग्ण आणि सोबतचा एक माणूस यांचा रोज मिळून १,००० रुपये बुडतो.

घरच्यांचे नुकसान : बिलाचे २४ लाख आणि रोजाचे ८ लाख, एकूण ३२ लाख. रुग्णालयाला सुटलेले : ८ लाख.

आता वर्षाला ६ लाख रुपये खर्च केले तर या इजा निम्म्या होतात असे समजू. घरच्यांचे १६ लाख वाचतात. रुग्णालयाची मात्र ४ लाखांची मिळकत जाते आणि ६ लाख खर्च होतात, म्हणजे १० लाखांचा तोटा.

मग एकच नियम बदलू : टाळता येण्याजोग्या इजेमुळे वाढलेल्या दिवसांचे बिल लावायचे नाही. आता ८०० दिवसांचा १६ लाखांचा खर्च रुग्णालयावर पडतो. इजा निम्म्या केल्या तर ८ लाख वाचतात, ६ लाख खर्च होतात, २ लाख शिल्लक राहतात. डॉक्टर तेच, परिचारिका त्याच, रुग्ण तेच. फक्त एक ओळ एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली.

एखादा चुणचुणीत मुलगा किंवा मुलगी विचारेल : बाहेर रुग्णांची रांग असेल तर रिकाम्या झालेल्या खाटेवर दुसरा रुग्ण येईल ना? मग पहिल्या उदाहरणातही रुग्णालयाचा तोटा कमी होईल. बरोबर आहे, ते गणितही करून पाहावे. दुसरा कोणी विचारेल : नियम बदलला तर रुग्णालय इजा झालेली नोंदवेलच कशावरून? हा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे. कॉडमनने चुका मोजल्या, तेव्हा त्याला कोणी पैसे देत नव्हते आणि त्याचे पैसे गेलेही. त्याची वही आणि विमा कंपनीची वही एका टेबलावर आल्या तेव्हा भूल सुरक्षित झाली. दोन्ही वह्या लागतात, आणि पहिली भरायला चूक सांगणाऱ्याला अभय लागते. ते अभय वर्गापासून द्यायला सुरुवात करता येते.